ओरिजिनल टाकू की चालतंय तसलं?

हातातून फोन सुटतो तेव्हा सगळं स्लो मोशनमध्ये घडतं, असं ऐकून होते. त्या शनिवारी सातारा स्टँडवर बघितलंसुद्धा! पुण्याहून आलेल्या एसटीतून उतरत होते. खांद्यावर लॅपटॉपची सॅक, एका हातात आईने मागवलेली बाकरवडी, दुसऱ्या हातात फोन आणि मागून ‘ओ ताई, चला की पुढं’ म्हणत ढकलणारी पब्लिक. फोन आधी पायरीवर आपटला, मग खाली फरशीवर, आणि नेमका पालथा. उचलून सरळ करायची हिंमत होईना. बारावीचा रिझल्ट बघताना झालं होतं, अगदी तस्सं.

सरळ केला. काचेचं पार कोळ्याचं जाळं झालेलं. पण आत सगळं जिवंत! मेसेज येत होते, टच चालत होता, अंगठा ठेवला की अनलॉकही होत होता. फक्त स्क्रोल केलं की बोटात काच घुसत होती.

‘एवढंच ना’ म्हणू नका, प्लीज. मी फ्रीलान्स जर्नालिस्ट आहे. म्हणजे मला ऑफिस नाही, फुकटचा चहा नाही आणि काही बिघडलं की ज्याच्या नावाने शंख करावा असा आयटीवालाही नाही. माझं ऑफिस म्हणजे तो फोन. मुलाखतींचं रेकॉर्डिंग त्यात, फोटो त्यात, संपादकांचे ‘कुठवर आलं?’ त्यात आणि मानधन (येतं तेव्हा) तेही त्यातच. मास कॉमला सर सांगायचे, पत्रकाराने वही-पेन कधी विसरू नये. त्या दिवशी माझ्या वहीनेच माझ्या बोटातून रक्त काढलं.

फोल्डरचं मेन्यूकार्ड

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं. स्क्रीनचे ११,५०० रुपये. फोन ३२ हजारांचा, अडीच वर्षं वापरलेला, शेवटचा ईएमआय नुकताच कटलेला. शिवाय पार्ट मागवावा लागणार, आठ-दहा दिवस फोन तिथेच राहणार आणि डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही, अशा कागदावर सही. मी ‘कळवते’ म्हणाले. स्थळ नाकारताना म्हणतात ना, तसं.

मग काय, चलो राजवाडा! मोती चौकातून पुढे एका बोळात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. काउंटरवर कव्हरांच्या माळा आणि मागे भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेला, माझ्याच वयाचा मालक-कम-कारागीर.

‘पडला व्हय?’ त्याने फोन उलटसुलट केला. ‘फोल्डर बदलाय लागंल.’

हा फोल्डर कॉम्प्युटरमधला नव्हे. काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवून जो एक पार्ट होतो, त्याला रिपेअरवाले फोल्डर म्हणतात. आपण त्याला स्क्रीन म्हणतो आणि आपल्याला वाटतं, फुटली ती नुसती काच.

‘कुठलं टाकू? बावीसशेचं हाय, साडेपाच हजाराचं हाय.’

‘फरक काय?’

‘बावीसशेचं कॉपी. साधा एलसीडी. तुमच्यात ओलेड हाय. कॉपी टाकल्यावर स्क्रीनवरचा अंगठा चालणार नाय आन् बॅटरी जरा जास्त खाईल. साडेपाचवालं ओलेडच, पण कंपनीचं नव्हं. आन् कंपनीचं ओरिजिनल पायजे असंल तर ते मला कुणी देतच नाय.’

आता खरं सांगते. त्याने एवढं सगळं सांगितलं आणि माझ्या कानात फक्त ‘बावीसशे’ गेलं. महिनाअखेर होती, बॉस! मी म्हणाले, ‘स्वस्तातलं टाका, चालतंय.’

‘लॉक काय हाय?’

मी क्षणभर थांबले. त्याने मास्किंग टेपचा तुकडा फाडला, त्यावर माझं नाव लिहिलं, खाली नऊ ठिपके काढून माझा पॅटर्न निळ्या बॉलपेनने जोडला आणि तो तुकडा फोनच्या पाठीला चिकटवला. माझे फोटो, माझी चॅट्स, माझं बँकेचं अ‍ॅप... सगळ्याची किल्ली चार रेघांत, बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. पार्ट बसवल्यावर टच, कॅमेरा, कॉल तपासायचा तर फोन उघडावाच लागतो, हे मलाही कळतं. तरी तो अर्धा तास मी दुकानासमोरून हलले नाही. मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

(काही फोनमध्ये यावर इलाज आहे, हे मला नंतर कळलं. सॅमसंगने २०२२ मध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणला, गुगलने पिक्सेलमध्ये २०२३ च्या डिसेंबरात ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. आपल्या फोनमध्ये असं काही आहे का, हे फोन पडण्याआधी बघून ठेवा.)

फोनमध्ये भूत

पहिले चार दिवस मी खूश. रंग जरा निळसर वाटत होते, स्क्रीनची कड बाजूने किंचित वर आली होती आणि अंगठा त्याने सांगितल्याप्रमाणे बंद होता. कारण साधं आहे. ओलेड डिस्प्ले पातळ असतो, त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्यामुळे त्याच्याखाली बसवलेल्या सेन्सरला आपला अंगठा वरून दिसू शकतो. एलसीडीच्या मागे उजेडाचा आख्खा पडदा असतो. त्यातून सेन्सरला काय दिसणार, कपाळ? बॅटरीचंही तेच. ओलेडमध्ये काळं म्हणजे तेवढे ठिपके बंद. एलसीडीत स्क्रीन काळी दिसली तरी मागचा दिवा जळतच असतो.

पाचव्या दिवशी फोन स्वतःच्या मनाने वागायला लागला. चार्जिंगला लावला की अ‍ॅप आपोआप उघडायची, कीबोर्डवर ‘जजजजज’ टाइप व्हायचं. रात्री साडेअकराला त्याने माझ्या संपादकांना कॉल लावला. दोनदा. याला घोस्ट टच म्हणतात. आई म्हणाली, दृष्ट काढू का?

इथपर्यंत विनोद होता. बुधवारी रात्री फोन चार्जिंगला ठेवून झोपले आणि भूत रात्रभर माझा पॅटर्न काढायचा प्रयत्न करत बसलं. चुकीचा, अर्थातच. प्रत्येक चुकीनंतर थांबायची वेळ वाढत जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. सकाळी फोन मला आत घेईना. आत होतं ४० मिनिटांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग. बॅकअप? ‘शनिवारी घेऊ’ या कॅटेगरीतला. गुरुवारी दुपारी चारची डेडलाइन होती. चार वाजले, पाच वाजले. ती स्टोरी दुसऱ्या कुणाला तरी गेली आणि त्या महिन्याच्या भाड्यातला मोठा तुकडा तिच्याबरोबर गेला. बावीसशेचा फोल्डर मला एकूण कितीला पडला, याचा हिशेब मी अजून आईला सांगितलेला नाही.

तणतणत दुकानात गेले. तो शांत. ‘ताई, कॉपी पार्टला टेस्टिंग वॉरंटी असती. लावायच्या आधी चालवून बघायचं. एकदा फिल्म काढून चिकटवला की मागचा यापारी परत घेत नाय. तुमाला मी फिरवून दिला, तर बावीसशे माझ्या खिशातनं जातील.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘मी सांगितलं हुतं की अंगठा चालणार नाय म्हणून.’

सांगितलं होतं. तिथेच तर माझी बोलती बंद झाली. भूत येईल असं तो म्हणाला नव्हता, पण कॉपी ती कॉपी, हे तरी लपवलं नव्हतं.

जुना कुठाय?

त्याच शनिवारी सांगलीला मावशीकडे वास्तुशांत होती. विश्रामबागेतला नवा फ्लॅट. मी आदल्या दिवशीच पोचले. मावशीने माझं तोंड बघितलं आणि मावसभावाला फर्मान सोडलं, ‘अरे, हिला आपल्या मिस्त्रीकडं घेऊन जा. पुराच्या वेळी ज्यानं माझा फोन जित्ता केला, त्याच्याकडं.’

मारुती रोडच्या मागच्या गल्लीत मिस्त्रींचं दुकान. वय पन्नाशीचं, कपाळावर भिंग. भिंतीवर डोक्याच्या वर लाल रंगाची एक रेघ आणि तिच्याखाली लिहिलेलं, ‘२०१९’. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी दुकानात नाही, दुकान पाण्यात होतं.

‘पूर उतरल्यावर लोक काय घिऊन आले म्हाईत हाय?’ मिस्त्री सांगत होते. ‘फोन. तांदळाच्या डब्यात घालून. तांदळानं काय बी हुत नाय वो, नुसता वेळ जातो आन् आत गंज चढतो. आधी बॅटरी सोडवायची, मग आयपीएनं बोर्ड धुवायचा.’ आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पाणी आणि चिखल काढतं आणि स्वतः उडून जातं. ‘फोन ऱ्हाऊ द्या म्हणायचे, फोटो काढून द्या. घरातलं अल्बम गेल्यालं, भिंतीवरच्या तसबिरी गेल्याल्या. ज्ये काय उरलं ते त्या फोनातच.’

माझं रेकॉर्डिंग मला एकदम छोटं वाटायला लागलं.

त्यांनी माझा फोन हातात घेतला, कडेवर नख फिरवलं, म्हणाले, ‘कॉपी.’ मग पहिलाच प्रश्न, ‘जुना कुठाय?’

‘जुना काय?’

‘जुना डिस्प्ले. काच फुटली हुती, पण आत दिसत हुतं ना? टच चालत हुता? मग डिस्प्ले चांगला हुता की. नुसती काच बदलायची.’

मी आणि मावसभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. जुना डिस्प्ले मी मागितलाच नव्हता. भंगार समजून सातारच्या काउंटरवर सोडून आले होते! मिस्त्रींनी मग या धंद्याची दुसरी बाजू सांगितली. काच फुटलेला पण आतून जिवंत असलेला ओरिजिनल डिस्प्ले म्हणजे माल असतो. दुकानदार असे डिस्प्ले साठवतात, व्यापारी लॉटने उचलतात, त्यांना नवी काच लागते आणि ते पुन्हा बाजारात येतात. आपण गिऱ्हाइकं मात्र स्वतःचा ओरिजिनल फुकट ठेवून, पैसे देऊन कॉपी घेऊन घरी येतो. स्मार्टफोन स्मार्ट असेल हो...

पार्टचं नाव-गाव

‘पण तुम्ही लोक सरळ ओरिजिनल पार्ट का ठेवत नाही?’ मी जर्नालिस्टच्या टोनमध्ये विचारलं.

मिस्त्री हसले. ‘कोण देतंय?’

तिथेच सगळी गोम आहे. बहुतेक कंपन्या आपले पार्ट स्वतःच्या सर्व्हिस सेंटरलाच देतात. गल्लीतल्या दुकानात जे येतं ते पुणे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीच्या करोल बागेतलं गफ्फार मार्केट अशा ठिकाणांहून कुरिअरने येतं. त्यातलं बरंचसं चीनमधल्या शेन्झेनमधून. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘ओरिजिनल’, ‘ओजी’, ‘ए-वन’, ‘फर्स्ट कॉपी’. या शब्दांना काही मोजमाप नाही. भाजीवाल्याच्या ‘ताजी आहे’इतकाच त्यांचा अर्थ. मिस्त्रींना पार्ट आला की आधी तो नुसता जोडून, पांढरी स्क्रीन, काळी स्क्रीन, चारही कोपरे तपासायचे आणि मगच चिकटवायचा. त्यातही दोन-चार परत जातात, एखादा महिन्याने बिघडतो आणि शिव्या दुकानदाराला.

त्यावर आता नवीन फंडा आलाय. त्यांच्या टेबलावर एक महागडा फोन उघडा पडला होता. त्यात त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, दुसऱ्या फोनमधून काढलेली अस्सल बॅटरी बसवली, तरी स्क्रीनवर सूचना येत होती की हा पार्ट ओळखीचा नाही. ‘पार्टलाच नाव-गाव विचारत्यात आता,’ मिस्त्री म्हणाले. जुन्या बॅटरीवरचं छोटं सर्किट अलगद काढून नव्या बॅटरीला जोडायचं, जुन्या डिस्प्लेची माहिती मशिनने वाचून नव्यात भरायची... हे सगळे उद्योग फोनला ‘हा तुझाच माणूस’ असं पटवण्यासाठी!

घरी येऊन वाचत बसले. या प्रकाराला पार्ट्स पेअरिंग म्हणतात आणि त्यावर जगभर भांडणं चालली आहेत. २०१६ मध्ये बाहेर होम बटण बदललेले आयफोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून बंद पडले. अ‍ॅपलने माफी मागून दुरुस्ती दिली, तरी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने या प्रकरणात ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी बंद पडायचा. ओरड झाली, कंपनीने माघार घेतली. २०२४ च्या आयओएस १८ पासून काही मॉडेल्समध्ये वापरलेले अस्सल पार्ट फोनवरच नोंदवता येतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने पेअरिंगला बंदी घालणारा कायदा केला. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून असा नियम आहे की, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं कंपनीने रिपेअरवाल्यांना महत्त्वाचे पार्ट पुरवायचे.

आणि आपल्याकडे? आपण गाड्यांच्या बाबतीत ही लढाई आधीच बघितली आहे. सुटे पार्ट बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. फोनसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये ‘राइट टू रिपेअर’ची समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. फोन दुरुस्त करायला किती सोपा यावर त्याला गुण द्यावेत आणि ते विक्रीच्या वेळीच दाखवावेत, असा अहवाल दुसऱ्या एका समितीने २०२५ च्या मे महिन्यात दिला. चांगलं आहे. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून मिस्त्रींच्या ड्रॉवरमध्ये पार्ट येत नाही. हात सांगलीत आहे, सातारला आहे. पार्ट नाही. आणि अस्सल पार्ट विकतच मिळत नसेल, तर प्रामाणिक माणसालाही दिवसभर नकलीच विकाव्या लागतात. तो फार तर एवढंच करू शकतो, नक्कल आहे हे तोंडावर सांगू शकतो. सातारच्याने ते केलं होतं.

पोळीच्या डब्यातून

मी सातारला फोन लावला. मावसभावाच्या मोबाइलवरून, अर्थात. नाव सांगितलं. पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज.

‘हाय की. तुमच्या नावाची पट्टी बी हाय त्याच्यावर. लॉट महिन्याच्या शेवटाला जातो, अजून गेला नाय. कुणाकडं दिऊ?’

पैसे किती, असं विचारायच्या आधीच म्हणाला, ‘तुमचाच हाय, त्याचं काय पैसं.’ एवढे दिवस मनातल्या मनात ज्याला मी काय काय बोलले होते, तो हा माणूस.

दुसऱ्या दिवशी बाबा वास्तुशांतीला आले. पिशवीतून त्यांनी आईचा पोळीचा स्टीलचा डबा काढला. डब्यात रुमाल, रुमालात बबल शीट, शीटमध्ये माझा फुटका डिस्प्ले. वर पट्टी, पट्टीवर माझं नाव. पॅटर्नचा तुकडा तेवढा फाडून टाकलेला होता!

मिस्त्रींनी सुरुवातीलाच बजावलं. डिस्प्ले गरम प्लेटवर ठेवायचा, केसाहून बारीक तार काच आणि पॅनेलच्या मधून ओढत न्यायची, जुना गोंद साफ करायचा, मग नवी काच दाबून बसवायची आणि शेवटी मशिनमध्ये हवेचे बुडबुडे काढायचे. तार जरा चुकली तर पॅनेलवर हिरवी रेघ येते आणि मग तो डिस्प्ले कायमचा गेला. ‘रेघ आली तर काचेचं पैसं घ्यायचो नाय. पर डिस्प्ले भरून द्यायला मला जमायचं नाय. चालंल?’

पहिल्यांदाच मी किमतीकडे न बघता सगळं नीट ऐकलं. म्हणाले, ‘चालेल.’

पुढची वीस मिनिटं दुकानात कुणी बोललं नाही. तार सरकत होती आणि माझ्या पोटात गोळा. पॅनेल सुटलं, काच बसली, फोन चालू झाला. रेघ नाही! त्याच डिस्प्लेवर भूतही नाही. पॅटर्न काढला, फोन उघडला. पहिलं काम केलं ते रेकॉर्डिंग मेल करायचं. स्टोरी गेली होती, पण त्या बाईंनी मला दिलेली ४० मिनिटं तरी परत आली. दुसरं काम, अंगठा पुन्हा नोंदवला. चालला.

‘आता पावसात सांभाळा,’ मिस्त्री म्हणाले. ‘एकदा फोन उघडला की कंपनीचं सील गेलं. पुरात पोहायला न्यायचा नाय.’

काचेचे १,८०० झाले. मिस्त्रींनी छापील बिलबुकावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: ‘काच - कॉपी. डिस्प्ले - ओरिजिनल, गिऱ्हाइकाचा स्वतःचा.’ इतकं खरं बिल मला आजवर कुठल्या मॉलमध्ये मिळालेलं नाही.

येताना साताऱ्यात उतरले, तेव्हा फोन सॅकच्या आतल्या कप्प्यात होता. आधी बोळातल्या त्या दुकानात गेले, तो भुताटकीचा फोल्डर परत दिला आणि सांगलीचं भडंग दिलं. त्याने फोन हातात घेऊन दिव्याखाली धरला आणि म्हणाला, ‘काम झ्याक झालंय. पर कोपऱ्यात धुळीचा एक कण ऱ्हायलाय बगा.’

आहे. पांढरी स्क्रीन आली की दिसतो. असू दे.